खाशाबांवरचं नाटक पाहिलं: पहिला अंक कुस्तीचा, दुसरा तक्रारीचा

गव्हाळी

कराडजवळच्या एका हौशी संचानं खाशाबा जाधवांवर दोन अंकी नाटक बसवलंय. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचा विचार आहे. त्याआधी एका शाळेच्या सभागृहात ओळखीपाळखीच्या लोकांसमोर रंगीत तालीम झाली. मावसभाऊ प्रकाशयोजनेला आहे, म्हणून मला आवतण. संहितेत अजून फेरफार चाललेत, तेव्हा नाटकाचं आणि संचाचं नाव इतक्यात कुठं टाकू नकोस अशी तंबी मिळाली आहे. ती पाळते. बाकी सगळं लिहिते.

आमच्या भागात खाशाबा माहीत नाहीत असा माणूस सापडणार नाही. गोळेश्वर कराडला लागूनच. १९५२ चं हेलसिंकी, बँटमवेट, फ्रीस्टाइल, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे शाळेत पाठच करून घेतलेलं असतं. त्यामुळं नाटकात 'पुढं काय होणार' हा प्रश्नच नाही. मग बघायचं काय? तर कसं होणार ते. आणि पहिल्या अंकात त्यांनी ते असं काही केलंय की विचारू नका.

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचाच्या मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा. खरी माती नाही, तांबडं रंगवलेलं तरटाचं कापड. बाजूला हलगीवाला, तो शेवटपर्यंत तिथंच बसून असतो. सूत्रधार म्हणजे कुस्तीच्या फडाचा निवेदक. डोक्याला फेटा, हातात माईक, आणि नाटकभर तो फडावरच्याच भाषेत बोलतो. 'पैलवानाचं वजन बघू नका, बुद्धी बघा' या चालीवर त्यानं खाशाबांचं बालपण, वडील दादासाहेबांची तालीम, टिळक हायस्कूल, बेचाळीसची चळवळ हे सगळं दहा मिनिटांत उरकलं. बरं केलं. चरित्रनाटकं बारशातच अडकून पडतात.

मग १९४८. लंडन. तरटाचं कापड गुंडाळून नेतात आणि तिथं गादी येते. खाशाबा पहिल्यांदाच पायात बूट घालून मॅटवर उभे राहतात आणि त्यांना नीट उभंच राहता येत नाही. संवाद जवळपास नाहीत. हलगी मातीचा ठेका धरते, पाय त्या ठेक्यावर पडायला बघतात आणि अडखळतात. मग रीस गार्डनर हा अमेरिकन प्रशिक्षक येतो, तो इंग्रजीत बोलतो, खाशाबा मराठीत विचार करतात, आणि हळूहळू हलगीचा ठेकाच बदलतो. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक, इराणच्या मन्सूर रईसीकडून हार, हे निवेदक एका वाक्यात सांगून मोकळा होतो. पण मातीतला पैलवान मॅटवरचा मल्ल कसा झाला, हे त्या वीस मिनिटांत दिसतं. मी तरी असं रंगमंचावर आधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या अंकात मात्र हेलसिंकी आटोपलं की पोलीस खात्यातल्या बढतीसाठी अर्ज, टेबल, साहेब, पुढचं टेबल, पुन्हा अर्ज. एकाच साच्यातले चार प्रवेश. दर वेळी कोपऱ्यात ते पदक चमकतं आणि कारकून मान हलवतो. प्रेक्षक हळहळले, टाळ्याही पडल्या. मला मात्र तो पहिल्या अंकातला माणूस कुठं गेला ते कळेना. ज्यानं निवड चाचणीत डावललं म्हणून थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लावायला लावून प्रतिस्पर्ध्याला लोळवलं, तो असा हात जोडून दीनवाणा?

कुणी पाहिलंय का? खाशाबांवरची दुसरी नाटकं, एकांकिका बघितल्या असतील तर त्याबद्दलही लिहा.

---

रंकाळ्यावरचा

वा, गव्हाळीताई. धागा वाचून तिथंच बसून बघितल्यासारखं वाटलं.

आमच्या कोल्हापुरात कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी नांदतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. शाहू महाराजांनी खासबाग मैदान १९१२ ला उभं केलं. रोमला जाऊन कलोझियम बघून आले होते, तसं आपल्याकडं हवं म्हणून. त्याला लागूनच १९१५ ला पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका अंगाला शड्डू, दुसऱ्या अंगाला नांदी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा आख्खं गाव रस्त्यावर आलं होतं, पैलवानही आणि नटही. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

खाशाबा राजाराम कॉलेजचे, म्हणजे आमचेही. त्यामुळं प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकल्याचा प्रवेश कसा केलाय ते सांगा. तो फसला तर सगळं फसलं.

---

गव्हाळी

तो प्रवेश पहिल्या अंकाच्या शेवटी आहे आणि चांगला जमलाय. हेलसिंकीला जायला पैसे नाहीत. लंडनच्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता, आता संस्थान विलीन झालेलं. सरकारी मदत मिळत नाही. गावात वर्गणी चाललीय. बाळासाहेब खर्डेकर, राजाराम कॉलेजचे प्राचार्य, घर गहाण टाकून ७००० रुपये उभे करतात.

मला धास्ती होती की इथं व्हायोलिन वाजणार. पण लेखकानं खर्डेकरांना भावनेनं बोलायला लावलेलंच नाही. ते टेबलावर हिशेब मांडतात. बोटीचं भाडं, कपडे, बूट, तिथला खर्च. आकडा वाढत जातो तसे खाशाबा 'नको सर' म्हणत मागं सरकतात, आणि सर मान वर न करता पुढची रक्कम लिहितात. घराचा उल्लेख फक्त एकदा, तोही कागदावर सही करताना. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

एक खटकलं. खर्डेकरांच्या पत्नीच्या तोंडी दोन-तीन वाक्यं घातलीत. त्यांची काही नोंद आहे का, की लेखकाची कल्पना?

---

विंगेतून

नाटकवाला म्हणून उत्तर देतो. नोंद नसली तरी वाक्यं लिहावीच लागतात. रंगमंचावर मुकं माणूस ठेवता येत नाही, आणि घर गहाण पडत असताना घरातली बाई दाखवली नाही तर तेही खोटंच. मात्र तिच्या तोंडी इतिहास घालू नये. 'तुम्ही भारताच्या भविष्यासाठी त्याग करताय' छापाचं काही असेल तर काढून टाका म्हणावं. ती 'कधी सोडवणार?' एवढंच विचारेल.

आता माझ्या कुतूहलाचा मुद्दा. कुस्त्या दाखवल्या कशा? मी एका एकांकिकेत मारामारीचं बसवलं होतं, तेव्हा तिसऱ्या तालमीलाच एकाचं मनगट सुजलं. फळ्यांचा रंगमंच म्हणजे पाठ टेकली की ढोल वाजल्यासारखा आवाज, प्रेक्षक हसतात. खरी पकड घ्यायची तर गादी हवी. गादी घातली की ती पूर्ण नाटकभर कुठं ठेवायची? हलगीवर निभावून नेणं ही फार हुशारीची गोष्ट आहे. दिग्दर्शकाला माझा नमस्कार कळवा.

---

गव्हाळी

तुमचं वाक्य भावाला वाचून दाखवलं. खर्डेकरांच्या पत्नीच्या तोंडी सध्या 'देशासाठी' आहे. तो हसला फक्त.

कुस्त्या तीन प्रकारांनी केल्यात. गावच्या फडातली कुस्ती खरी, दोघंही तालमीत जाणारी पोरं, पण ती मोजून एक मिनिटाची. लंडनची नाचासारखी, हलगीवर. आणि हेलसिंकीला कुस्ती दिसतच नाही. खाशाबा एकटेच गादीवर, प्रतिस्पर्धी नाही, निवेदक डावांची नावं घेतो आणि ते एकटेच ते डाव करतात. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी अशी नावं येतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या अंगावरचा प्रकाश एका बाजूनं कमी होत जातो. श्रम दिसायला लागतो. मावसभावाची करामत, म्हणून जरा जास्तच कौतुक करते.

---

मॅटवाली

मी मुलींना कुस्ती शिकवते, सांगली जिल्ह्यात. लंडनच्या प्रवेशाचं वर्णन वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

मातीतून मॅटवर येणं म्हणजे बूट घालणं एवढंच नाही. मातीत पाय थोडा रुततो, त्यामुळं पैलवान उंच उभा राहून ताकद लावू शकतो. मॅट पायाला रुतू देत नाही, उलट पकडते. पाय उचलायला उशीर झाला की समोरचा पट काढून, म्हणजे पाय खेचून, मोकळा. म्हणून मॅटवर वाकून, गुडघ्यात, सतत हलत राहावं लागतं. मातीत घाम आला की माती चोळायची, पकड बसते. मॅटवर घामेजलेलं अंग निसटतं. आणि सगळ्यात मोठा फरक डोक्यातला. मातीत निकाल एकच, चीतपट. पाठ लागली की संपलं, नाही लागली तर तासभर झुंजा, नाहीतर बरोबरीत सोडवा. मॅटवर वेळ असते आणि गुण असतात. तुम्ही पडला नाहीत तरी हरता. मातीतल्या पोराला हे पचायला फार जड जातं. 'मी पडलोच कुठं?' म्हणून रडलेल्या मुली मी बघितल्यात.

खाशाबांचा ढाक प्रसिद्ध होता. उभ्यानं पकड घेऊन समोरच्याला कमरेवरून फेकायचं. मातीतला डाव आहे, पण मॅटवर तितकाच चालतो, फक्त फार चपळ घ्यावा लागतो. अंगानं लहान माणूस, म्हणून त्यांना पॉकेट डायनॅमो म्हणायचे. चपळाई होतीच. नाटकात ढाक आहे की नाही? आणि खाशाबांचं काम करणारा मुलगा अंगानं कसा आहे? जिममध्ये फुगवलेला असेल तर मी बघणार नाही, आधीच सांगते.

---

आबा_कराडकर

मॅटवाली ताई, शंभर टक्के. आमच्या तालमीतली पोरं पहिल्यांदा मॅटवर गेली तेव्हा अशी चालत होती की जणू ओल्या फरशीवर. वस्ताद बाजूला बसून कपाळाला हात लावायचे.

गव्हाळी, त्या नाटकातल्या हलगीवाल्याला मी ओळखतो बहुतेक. आमच्याकडच्या फडात वाजवतो. त्याला पावती फाडायला सांगू नका म्हणावं, लय भारी माणूस आहे.

बैलगाड्यांची मिरवणूक दाखवली का?

---

गव्हाळी

ताई, मुलगा बुटका, खांदे रुंद, पोट अजिबात नाही. तालमीतलाच आहे, नट नाही, आणि ते कळतं. बोलताना चाचरतो. पण गादीवर उभा राहिला की सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. ढाक आहे, हेलसिंकीच्या प्रवेशात शेवटी, प्रतिस्पर्धी नसताना. म्हणजे हवेतच. ते थोडं गमतीचं वाटलं खरं.

आबा, मिरवणूक आहे आणि नुसती आवाजावर. कराड स्टेशनवरून गोळेश्वरला शंभरावर बैलगाड्या निघाल्या, पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले, असं आमच्याकडं सांगतात. नाटकात अंधार आणि फक्त घुंगरं, लेझीम, हलगी. मग हळूहळू आवाज विरत जातो आणि खाशाबा कोल्हापूरच्या रस्त्यावर कुस्तीच्या फडाची जाहिरात चिकटवत असतात. खर्डेकर सरांचे पैसे फेडायला त्यांनी पुढं कुस्त्यांचे फड भरवले, तो भाग. हाही प्रवेश चांगला आहे. दुसऱ्या अंकात इथपर्यंत नाटक खणखणीत. नंतर टेबलं सुरू होतात.

---

शंकेखोर

सगळे खूष आहेत तर माझी पिन टोचून जातो.

'भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' असं नाटकात म्हटलंय का? १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डनं दोन रौप्यपदकं जिंकली, २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा. ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यात धरते. जागतिक अॅथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या. म्हणून 'स्वतंत्र भारताचं' हे शब्द गाळता येत नाहीत.

दुसरं. १९५२ ला हेलसिंकीत केशव माणगावेही होते. कोल्हापूरकडचेच. ६२ किलोच्या फेदरवेट गटात चौथे आले. म्हणजे एकाच वर्षी, एकाच परिसरातले दोन मल्ल, एक तिसरा, एक चौथा. माणगावे नाटकात आहेत? नसतील तर हे नाटक अर्धं आहे. लोकांना एकच देव लागतो, दुसरा ठेवायला देव्हारा नसतो.

---

रंकाळ्यावरचा

शंकेखोर पहिल्यांदा बरोबर बोलला, तारीख लिहून ठेवा.

माणगाव्यांचं नाव इथं जुन्या लोकांना माहीत आहे, नव्यांना नाही. चौथा क्रमांक म्हणजे काय ते आपल्याला आता आता कळायला लागलंय, चौथ्या आलेल्यांची हळहळ टीव्हीवर दिवसभर चालते. तेव्हा वर्तमानपत्रात एखादी ओळ येत असेल. आणि त्याच ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्ण आलं, अंतिम सामन्यात बलबीर सिंगनं पाच गोल ठोकले. सगळं कौतुक तिकडं गेलं असणार.

---

गव्हाळी

'स्वतंत्र भारताचं' असंच म्हटलंय, निवेदक दोनदा म्हणतो. माणगावे नाहीत. एका वाक्यात नाव येतं बोटीवरच्या प्रवेशात, 'माणगावे झोपला' असं. एवढंच. मी भावाला सांगितलंय की लेखकाला हा धागा दाखव.

---

परदेशस्थ बंड्या

न्यू जर्सीहून. इथल्या मंडळात अशी नाटकं येत नाहीत, येतात ती नवरा-बायकोची. वाचून हेवा वाटला.

माझा प्रश्न वेगळा आहे. सगळे दुसऱ्या अंकावर टीका करताय, पण तो अन्याय खरा नाही का? देशाला पदक आणून दिलं आणि पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून १९५५ ला लागले, वर्षानुवर्षं बढती नाही, निवृत्तीच्या आसपास सहायक आयुक्त. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार २००० चा, मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या कुस्तीच्या संकुलाला नाव २०१० ला. गूगलनं डूडल केलं २०२३ ला. हे सगळं नाटकात येणारच ना? मग ते दाखवायचं कसं, रडायचं नाही तर?

---

शिपायाची लेक

माझे वडील पोलीस खात्यात होते, म्हणून बंड्यांच्या बाजूनं लिहिते. गव्हाळी, तुम्हाला टेबलांचे प्रवेश एकसुरी वाटले. आम्ही ते एकसुरी जगलोय. बढतीची फाइल वर्षं अडकते तेव्हा रोज काही नवीन नाट्य घडत नाही, तेच तेच घडतं. मग लेखकानं ते चार वेळा दाखवलं तर त्याचं काय चुकलं? दर महिन्याला तोच जबाब ऐकून घरी येणाऱ्या माणसाचा चेहरा मी बघितलाय. तो हात जोडत नव्हता, पण जेवताना बोलत नव्हता.

खाशाबा दीनवाणे नव्हते हे मान्य. पण व्यवस्थेपुढं ताठ उभं राहणाऱ्यालाही चार टेबलं फिरावीच लागतात. ताठपणा आणि टेबलं एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

---

गव्हाळी

तुमचं म्हणणं मनापासून पटतंय, आणि तरी मी माझ्या मुद्द्यावर आहे. माझी तक्रार टेबलांवर नाही, त्या प्रवेशांत खाशाबांना करायला काही नाही यावर आहे. तुम्ही सांगितलेला चेहरा, जेवताना न बोलणारा, तो नाटकात असता तर मी हा धागा वेगळा लिहिला असता. आत्ता तिथं ते फक्त ऐकतात आणि मान खाली घालतात. साहेब बोलतो, कारकून बोलतो, निवेदक बोलतो. नाटकभर अंगानं बोलणाऱ्या माणसाला तिथं अंगच नाही.

बंड्या, गूगल, अर्जुन, दिल्लीचं संकुल हे सगळं निवेदक शेवटी यादीसारखं वाचतो. तिथं मी घड्याळ बघितलं.

---

विंगेतून

गव्हाळीनं नेमकं बोट ठेवलंय. मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो, फुकटचा सल्ला. १९५६ चं मेलबर्न. गुडघ्याच्या दुखापतीनं खाशाबा जाऊ शकले नाहीत. म्हणजे नोकरीला लागल्यावर पुन्हा तयारी चालू होती, आणि गुडघा गेला. दुसऱ्या अंकाचं खरं नाटक तिथं आहे. गादीवर एकटा माणूस, ढाक घ्यायला जातो आणि गुडघा साथ देत नाही. हलगी ठेका धरते, पाय येत नाही. पहिल्या अंकात मॅटनं पाय अडवला होता, आता स्वतःच्या गुडघ्यानं. एवढा एक प्रवेश घातला की टेबलं चाराची एक झाली तरी चालेल.

हेलसिंकीतली अन्यायाची हकिगत कशी आली? दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, भांडायला भारताचा पदाधिकारी जागेवर नव्हता, अशी जी सांगतात ती.

---

गव्हाळी

ती आहे. आणि तिथं नाटक जमलंय, कारण कुणी रडत नाही. जपानच्या शोहाची इशीईशी झुंज झाल्यावर लगेच सोव्हिएत मल्लाचं नाव पुकारतात. खाशाबा आजूबाजूला बघतात. खुर्च्या मोकळ्या. निवेदक, जो सगळं नाटकभर बोलतोय, तो इथं गप्प. मग खाशाबा स्वतःच टॉवेलनं चेहरा पुसून उभे राहतात. याच प्रवेशामुळं दुसरा अंक वाया गेल्याचा राग जास्त आला.

---

मॅटवाली

इशीईनंच सुवर्ण घेतलं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. आणि सोव्हिएत मल्ल म्हणजे रशीद मम्मदबेयोव्ह, त्याला रौप्य. म्हणजे खाशाबा हरले ते सोन्याला आणि चांदीला, तिसऱ्या कुणाला नाही. नाटकात हे एक वाक्य टाकायला सांगा. आमच्या पोरींना हरलेल्या कुस्तीकडं असं बघायला शिकवावं लागतं.

विंगेतून, गुडघ्याचा प्रवेश लिहिलात की मला आधी दाखवा. गुडघा जातो तेव्हा पैलवान ओरडत नाही, चेहऱ्यावर आधी आश्चर्य येतं. नटांना ओरडायचीच सवय.

---

शंकेखोर

मला अजून एक टोचायचंय. निवेदकाच्या हातात माईक. १९४८ च्या फडात माईक? आणि हे असं रसाळ, विनोदी, पैलवानांच्या बापजाद्यांपासून माहिती देणारं निवेदन आत्ता आत्ता भरात आलंय. काळाचं भान कुठंय?

---

आबा_कराडकर

शंकेखोर दादा, तो निवेदक १९४८ चा नाहीच की. तो आजचा आहे, आज गावच्या फडात उभा राहून मागची गोष्ट सांगतोय. आमच्या गावच्या जत्रेत निवेदक कुस्ती सुरू व्हायच्या आधी खाशाबांचं नाव घेतोच घेतो. आता तर १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन केलाय सरकारनं २०२४ पासून. त्या दिवशी शाळेत पोरांना गोळेश्वरला नेतात. त्यामुळं मला तर निवेदकच सूत्रधार पाहिजे. त्याच्याशिवाय कुस्तीचं नाटक म्हणजे मुका फड.

---

शंकेखोर

मान्य. पण मग त्याला आजचं काही बोलूद्या. १९५२ नंतर पुढचं वैयक्तिक पदक १९९६ ला, लिअँडर पेस, ४४ वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं २००८ ला, सुशील कुमार, ५६ वर्षांनी. महाराष्ट्रातून वैयक्तिक पदक थेट २०२४ ला, कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेचं, नेमबाजीत, ७२ वर्षांनी. निवेदक आजचा आहे ना? मग त्यानं प्रेक्षकांना विचारावं की मधली सगळी वर्षं माती कुठं गेली होती. पुरस्कारांची यादी वाचण्यापेक्षा ते बरं.

---

रंकाळ्यावरचा

याला म्हणतात वाद घालून नाटक सुधारणं. शंकेखोरच्या नावानं आज एक मिसळ.

७२ वर्षांचं उत्तर सरळ आहे हो. मॅट कुणाकडं होत्या? गावोगाव माती, फड, इनाम, गदा. जत्रेत कुस्ती मारली की हातात रोख पैसे. मॅटवर सराव करून मिळणार काय, तर पुन्हा टेबलं. पैलवानानंही पोट बघायचं असतं. खुराकाला पैसे लागतात, दूध, बदाम, तूप, मटण. खाशाबांनी मातीतून मॅटवर उडी मारली, मागं कुणी शिडी लावली नाही.

---

शिपायाची लेक

रंकाळ्यावरचा, हे जे तुम्ही लिहिलंत ते दुसऱ्या अंकात हवं. टेबलामागच्या माणसाला दोष देऊन नाटक थांबतं. खुराकाचा हिशेब मांडला असता तर पहिल्या अंकातल्या खर्डेकरांच्या हिशेबाशी जोड लागली असती.

---

गव्हाळी

हे फारच छान सुचलंय. तसंच्या तसं भावाकडं पाठवलं.

त्याचा निरोप आला तो इथं टाकते: लेखक, दिग्दर्शक दोघांनी धागा वाचला. टेबलांचे दोन प्रवेश जाणार, मेलबर्नचा गुडघा येणार. पुरस्कारांची यादी काढायला दिग्दर्शक तयार आहे, लेखक नाही, त्यावर भांडण चालू. माणगाव्यांना बोटीवरच्या प्रवेशात जागं करून दोन पानं द्यायची ठरली आहेत, पण त्यांच्यासाठी नट मिळत नाहीये. ६२ किलोचा, तालमीत गेलेला, बोलता येणारा कुणी असेल तर सांगा. चाचरणारा आधीच एक आहे म्हणून या वेळी बोलता येणारा.

---

आबा_कराडकर

माझा पुतण्या. ६४ किलो आहे, दोन किलो उतरवतो. बोलण्यात तर असा आहे की निवेदकाचा माईक हिसकावून घेईल. व्यक्तिगत निरोपात नंबर टाकतो.

---

मॅटवाली

आबा, दोन किलो उतरवायला पाणी तोडू नका म्हणावं त्याला. नाटकाला वजन करत नाहीत.